१८ म्हणजेच २०, आणि २१ सुद्धा तेच!

एक साधं कॉर्डलेस ड्रिल घ्यायचंय. भिंतीला फळी लावायची, पडद्याचा रॉड बसवायचा, अधूनमधून थोडं लाकूडकाम. एवढ्यासाठी माणसाने रात्र रात्र खोक्यांवरचे आकडे जुळवत बसायचं? आणि बसलं तरी हाती काही लागत नाही, कारण दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघताच येत नाहीत. येऊ नयेत म्हणूनच ते तसे छापलेले असतात, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही.

व्होल्टच घ्या. एकावर १८, शेजारच्यावर २० मॅक्स, तिसऱ्यावर २१. कोणालाही वाटणार, २१ वालं सगळ्यांत दमदार. उघडून बघा, तिन्हींच्या आत लिथियम-आयनचे पाच सेल एकामागे एक जोडलेले. एका सेलचं नेहमीचं व्होल्टेज ३.६, म्हणून पाचांचे १८. चार्जरवरून नुकतीच उतरवलेली बॅटरी मोजली तर सेलमागे ४.२ भरतात, म्हणजे २१. ट्रिगर दाबला की तो आकडा खाली येतोच. बॅटरी एकच, फक्त ज्याने त्याने आपल्याला सोयीची वेळ साधून मोजली. १०.८ आणि १२ चंही तेच, तिथे सेल तीन.

यावर कडी म्हणजे त्या बिननावाच्या मशिनी. बॅटरीवर ठळक अक्षरांत ४८, ८८, १२८, आणि मागे व्हीएफ की कायसं. अरे, १२८ व्होल्टला निदान एकतीस सेल लागतात! एकेक सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. मुठीएवढ्या त्या डबीत एकतीस सेल मावणार कुठे? हे धडधडीत खोटं आहे. राजरोस छापलं जातं, राजरोस विकलं जातं.

बॅटरीत ऊर्जा किती, हे सांगणारा आकडा खरं तर एकच आहे: वॉट-अवर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट, २ एएच म्हणजे ३६. १८ व्होल्ट, ५ एएच म्हणजे ९०. संपलं भांडण. वाहतुकीच्या नियमांमुळे हा आकडा बॅटरीवर छापावाही लागतो, पण तो बुडाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. खोक्याच्या दर्शनी बाजूला मात्र २० मॅक्स!

टॉर्कची, म्हणजे पिळण्याच्या जोराची, तीच रड. ‘६० एनएम’ (न्यूटन-मीटर) असं मिरवतात तो बहुतेक वेळा हार्ड टॉर्क, म्हणजे स्क्रू एकदम अडतो त्या झटक्याचा. लाकडात स्क्रू आवळत जाताना जो मिळतो तो सॉफ्ट टॉर्क, आणि तो पुष्कळदा त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. काही कंपन्या दोन्ही आकडे देतात, त्यांना मी मानतो. बाकीचे मोठा तेवढा छापून मोकळे. वर त्याच तक्त्यात इम्पॅक्ट ड्रायव्हरचे (ठोके देत स्क्रू आवळणाऱ्या मशिनीचे) १७० एनएम ड्रिलच्या शेजारी मांडायचे. ड्रायव्हरचा टॉर्क ठोक्याठोक्याने येतो, त्याची ड्रिलशी बरोबरी कशी लावायची?

हॅमरवाल्या ड्रिलवर ‘मिनिटाला ३०,००० ठोके’ वाचून लोक भुलतात. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून खडखडत जातात, ठोक्यात जोर असा नसतोच. विटेच्या भिंतीला ते पुरतं. बीममध्ये किंवा स्लॅबमध्ये भोक पाडायला जा, ड्रिलची काडी, म्हणजे बिट, लाल होईल पण आत जाणार नाही. तिथे रोटरी हॅमरच लागतो. त्यात पिस्टन हवा दाबून ठोका मारतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येक ठोका एक-दोन ज्यूल ऊर्जेचा. बघायचे असतात ज्यूल, आणि आपल्या तोंडावर फेकतात ठोक्यांची संख्या.

पण हे सगळं एकवेळ सोसलं असतं. माझा खरा संताप बॅटरीच्या खाचेवर आहे.

आतले सेल बहुतेकांचे त्याच मापांचे, १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) नाहीतर २१७०० (२१ जाड, ७० लांब). तरी प्रत्येक कंपनीची खाच वेगळी, पट्ट्या वेगळ्या, चार्जर वेगळा. एकाच कंपनीतही तेच. बॉशच्या निळ्या मशिनींची १८ व्होल्टची बॅटरी हिरव्या मशिनींना चालत नाही. मकिताची ४० व्होल्टची बॅटरी १८ वाल्या मशिनीला बसत नाही. म्हणजे पहिलं ड्रिल घेतानाच पुढचा ग्राइंडर, पुढची करवत, पुढचा ब्लोअर कोणाकडून घ्यायचा ते ठरून गेलं. आणि तेव्हा तर आपल्याला त्यातलं काहीच कळत नसतं! किटमध्ये १.५ एएचच्या दोन किडुकमिडुक बॅटऱ्या घालतात. मोठी बॅटरी सुटी घ्यायला गेलं की ती नुसत्या मशिनीपेक्षा महाग.

माझ्याकडे एक ड्रिल आहे. मोटर ठणठणीत, चक (बिट धरणारा जबडा) घट्ट, गिअर कुरकुरत नाहीत. कंपनीने बॅटरीचा आकार बदलला, जुन्या बॅटऱ्या बनवणं बंद केलं, आणि चांगलं मशीन कपाटात पडून आहे. त्याचा काय गुन्हा? ते घडवायला लागलेलं तांबं, पोलाद, कोणाची तरी मेहनत, सगळं एका प्लास्टिकच्या खाचेपायी वाया.

आणि हे टाळता येत नाही असं कोणी सांगू नये. मेटाबो या जर्मन कंपनीने २०१८ मध्ये सीएएस (कॉर्डलेस अलायन्स सिस्टीम) नावाने इतर कंपन्यांना बरोबर घेऊन एकच बॅटरी चालवून दाखवली. युरोपने २०२४ च्या अखेरीपासून नव्या फोनना एकच चार्जिंग पोर्ट सक्तीचं केलं. फोनला जमतं ते ड्रिलला का नाही? सगळ्या कंपन्यांना एक खाच सक्तीची करा. आजच करा.

आता बिट. ‘१०० नगांचा संच’, सोनेरी चमचमणारा. तो सोनेरी थर टायटॅनियम नायट्राइडचा असला तरी जेमतेम काही मायक्रॉनचा, आणि स्वस्तातल्या संचात कित्येकदा नुसता रंगच. खालचं पोलाद कुठलं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. स्टेनलेसमध्ये भोक पाडायला पाच टक्के कोबाल्टचं एम३५ पोलाद लागतं. या सोनेरी काड्या तिथे निळ्या पडून बोथट होतात. शंभरांत निम्मे तर स्क्रूचे बिट, त्यातही पीएच२ (फिलिप्स) आणि पीझेड२ (पोझीड्राइव्ह) अशी दोन वेगळ्या खाचांच्या स्क्रूंची टोकं शेजारी शेजारी, ओळखू न येण्याइतके सारखे. चुकीचा लावला की स्क्रूचं डोकं सोलवटलंच. नकोत मला शंभर. दहाच द्या, पण पोलाद कुठलं, टोकाचा कोन ११८ की १३५ अंशांचा, आणि कशात चालवायचा, हे प्रत्येक बिटाच्या दांड्यावर कोरून द्या.