अमेरिकेच्या अभियांत्रिकी अकादमीबद्दल: माझ्याच पोस्टचा खुलासा

परवा मी एक मेसेज पुढे पाठवला होता: ‘अमेरिकन सरकारच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगमध्ये अर्ज करून सदस्य व्हा; तिचा सल्ला सरकारला पाळावाच लागतो.’ चूक माझी. पाठवल्यावर अकादमीची सनद आणि निवडीचे नियम वाचले, तेव्हा लक्षात आलं की यातलं जवळपास काहीच बरोबर नाही.

ही अकादमी १९६४ मध्ये स्थापन झाली, पण ती सरकारी खातं नाही, खासगी ना-नफा संस्था आहे. तिथे स्वतःहून अर्ज करता येत नाही. विद्यमान सदस्य नाव सुचवतात आणि सदस्यच मतदान करून निवडतात. परदेशी अभियंतेही याच वाटेने येतात. अभियांत्रिकीतल्या मोठ्या कामगिरीसाठी ती देते ते ड्रेपर पारितोषिक सदस्यत्वापेक्षा वेगळं. १९८९ मध्ये पहिलं पारितोषिक इंटिग्रेटेड सर्किटसाठी (म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपसाठी) जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस यांना मिळालं. किल्बींना नोबेल मिळायला २००० साल उजाडलं!

सरकारला सल्ला देण्याचं मूळ लिंकन यांनी १८६३ मध्ये सही केलेल्या विज्ञान अकादमीच्या सनदेत आहे; अभियांत्रिकी अकादमीही याच सनदेखाली चालते. सरकारने विचारलं की अभ्यास करून अहवाल द्यायचा, प्रत्यक्ष खर्च घ्यायचा, मोबदला मात्र नाही. २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरीच्या स्फोटानंतर अमेरिकेच्या गृह खात्याने (तिकडे हे खातं जमीन-खनिजं पाहतं, पोलीस नव्हे) असाच अहवाल मागवला होता. शिफारशी मानायच्या की नाही, हे सरकार ठरवतं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका.