भरती घड्याळ बघत नाही

घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी एका लेखात आठ ते एकचं तासवार वेळापत्रक दिलं आहे, ते किनाऱ्यावर टिकणार नाही. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. या बुधवारी नऊला उघडा असलेला कातळ पुढच्या बुधवारी नऊला पाण्याखाली असतो! समुद्रनिरीक्षण पंचांग बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी चढतं तसं उतरतंही जास्त, म्हणून पहाटेच्या ओहोटीला डबकी उघडी पडतात, खेकडे, कालवं नीट दिसतात. पाणी वळलं की मात्र लगेच माघारी फिरायचं. गणित आणि मराठी लेखन रोज दीड तास पक्कं. बुडालेला धडा दुसऱ्या दिवशी कोंबू नका. गुरुवारपर्यंत ढीग साचतो आणि मूल वहीच मिटतं. त्यासाठी शुक्रवार मोकळा ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या (NIOS) दहावीला किमान वय 14 आहे, वेळ भरपूर आहे.