यंत्रानं वहिनीचं वय ५८ सांगितलं

आज भिशीला एक बाई आल्या होत्या. कुणाच्या तरी ओळखीच्या, इथल्याच एका क्लिनिककडून. सोबत एक छोटं यंत्र. ते गालाला टेकवायचं, मोबाइलवर त्वचेचा मोठा करून फोटो दाखवायचा आणि ‘तुमच्या त्वचेचं वय’ म्हणून एक आकडा सांगायचा. माझी वहिनी ४६ वर्षांची आहे. तिला ५८ सांगितलं, तेही सगळ्यांसमोर. वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. पाठोपाठ बाईंनी कागद पुढे केला. गोरेपणाची सलाइन, कोलॅजेनची क्रीम, तीन सिरम, रात्रीची एक क्रीम, दिवसाची एक क्रीम. सगळं मिळून २८ हजार, आणि हप्ते करून मिळतील. वहिनीनं पर्समध्ये हात घातलासुद्धा होता.

मी तिचा हात धरला आणि तिला घरी घेऊन आले. बाईंना मी काही बोलले नाही, कारण त्याही पगारावर आहेत, त्यांनाही महिन्याचा आकडा गाठायचा असतो. पण संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून हे लिहितेय.

माझी मावशी आरोग्यसेविका होती, सांगोल्याकडच्या गावांत. ज्यांनी तो भाग उन्हाळ्यात पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. खांद्याला लशींचा डबा, डोक्यावर पदर आणि वाडीवस्तीवर पायी फिरणं. चाळिशीतच तिच्या दोन्ही गालांवर वांग आले, कपाळावर काळपट पट्टा आला, डोळ्यांभोवती सुरकुत्या दिसू लागल्या. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिला वाटलं, फोटोत तरी चेहरा जरा बरा दिसावा. एवढीच तिची इच्छा. तिनं मेडिकलमध्ये विचारलं. दुकानदारानं एक ट्यूब काढून दिली, म्हणाला, सगळ्याच बायका हीच नेतात.

दीड-दोन महिन्यांत मावशी उजळ दिसू लागली. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. मग ट्यूब संपली की चेहऱ्याची आग होऊ लागली. पुन्हा लावली की थांबायची. पुढे गालांची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या लाल शिरा दिसायच्या. हनुवटीवर केस आले. चुलीपुढे बसवेना. आणि वांग होते त्याहून गडद झाले.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. अशा मलमांत बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात, डाग फिकट करणारं हायड्रोक्विनोन, व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं ट्रेटिनॉइन आणि सूज-लाली दाबणारं स्टेरॉइड. त्वचेचे डॉक्टर हे मिश्रण वांगासाठी ठरावीक आठवड्यांपुरतं लिहून देतात आणि तेव्हा ते उपयोगी पडतं, हे मान्य. पण वर्षानुवर्षं फेअरनेस क्रीमसारखं चोळलं की मावशीसारखे गाल होतात. आपल्या देशात हे इतकं झालंय की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेला त्यासाठी वेगळा गट नेमावा लागला. सरकारनं २०१८ मध्ये अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आज कुठल्याही मेडिकलमध्ये जाऊन मागून बघा, काय होतं ते.

शेवटी मावशीला आम्ही सोलापूरला एका स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. आमची तयारी होती मोठ्या खर्चाची. डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांनी ट्यूब पाहिली आणि आधी बराच वेळ काही लिहिलंच नाही. मावशीला विचारलं, ‘बाई, दुपारी वस्तीवर जाता तेव्हा तोंडाला काय लावता?’ मावशी म्हणाली, ‘काय लावणार? पदर.’ मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. स्टेरॉइड एकदम बंद न करता कसं कमी करत न्यायचं ते. एक साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. एक सनस्क्रीन. बस्स. फेशियल बंद, लिंबू बंद, हळद-बेसन बंद, तोंडाला काही घासायचं नाही. पुष्कळ महिन्यांनी, कातडी सावरल्यावर, त्यांनी ट्रेटिनॉइनची सर्वांत सौम्य ट्यूब दिली, ती रात्री, आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढी.

मैत्रिणींनो, तज्ज्ञाचा सल्ला म्हणतात तो हा. साध्या त्वचेलाही, म्हणजे माझ्यातुमच्यासारखीला, जाणकार डॉक्टर साधारण हेच सांगतात. दिवसा सनस्क्रीन, कोरडेपणासाठी मॉइश्चरायझर, रात्री व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं काहीतरी. बाकी सगळं त्यानंतर, आणि तेही परवडलं तर.

सनस्क्रीनचं मी जरा लांबण लावणार आहे, कारण आपल्याकडे बायका त्याला गोऱ्या मुलींची चैन समजतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये नॅम्बर नावाचं गाव आहे. तिथे संशोधकांनी नऊशेहून जास्त माणसांना साडेचार वर्षं पाहिलं. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, निम्म्यांना म्हणाले, तुमच्या मनाप्रमाणे लावा. हाताच्या पाठीचे ठसे घेऊन कातडी किती जून झाली ते मोजलं. रोज लावणाऱ्यांची त्वचा २४ टक्के कमी वयस्क झालेली निघाली. हे २०१३ मध्ये छापून आलं. त्याच अभ्यासात काही जणांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या, त्यांचा त्वचेच्या वयावर काही परिणाम दिसला नाही. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. गोळी गिळून चेहरा तरुण होतो असं सांगणाऱ्यांना हे कुणी तरी ऐकवलं पाहिजे.

आणि घरात बसलात म्हणून सुटलात असंही नाही. ऊन भाजतं ते यूव्हीबी किरणांमुळे, पण सुरकुत्या आणि डाग आणणारे यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतून आत येतात. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस. खिडकीकडचा डावा गाल जाड आणि घड्या पडलेला, उजवा कितीतरी तरुण. एकाच माणसाचा चेहरा! आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. पुढच्या वेळी एसटीत चढताना जुन्या चालकाचा उजवा गाल आणि उजवा हात नीट बघा.

म्हणून बाटलीवर एसपीएफ किमान ३० हवा आणि पीएच्या (ही यूव्हीए किती अडतं ते सांगणारी खूण) पुढे तीन-चार ‘+’ हवेत, कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो. ३० ला साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडतात, ५० ला ९८. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका, तेच पैसे वापरून जास्त जाड थर लावा. आपण लावतो इतकुसं, बिंदी लावल्यासारखं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून हवं. वांग असलेल्यांनी रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइड घातलेलं घ्यावं, कारण आपल्या सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानंही वांग वाढतात. हेसुद्धा मावशीच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

चांगलं सनस्क्रीन स्वस्त नाही, हे मला कबूल आहे. दोन बोटं भरून रोज लावलं तर ट्यूब लवकर संपते, आणि आरोग्यसेविकेच्या पगारात ते जड जातं. मावशी महिन्याच्या शेवटी ट्यूब कात्रीनं कापून आतलं काढायची. तिच्यासारख्या बायकांना, खुरपणीला जाणाऱ्यांना, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्यांना हे कुणी फुकट देत नाही. हे लिहिताना राग येत नाहीये आता, नुसतं वाईट वाटतंय. टोपी, छत्री, ओढणी, सावली यांनीही पुष्कळ काम होतं, तेवढं तरी करा.

ट्रेटिनॉइनची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत १९७१ मध्ये ते मुरुमांसाठी मान्य झालं. पुढे वयानं मोठ्या असलेल्या बायकांनीच डॉक्टरांना सांगितलं की अहो, मुरुम तर जातातच, पण सुरकुत्याही कमी झाल्यात. डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी ते मनावर घेतलं आणि १९८६ मध्ये त्यावर लिहिलं. (याच क्लिगमननी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर केलेले प्रयोग मात्र अंगावर काटा आणणारे आहेत. तेही विसरू नये.) म्हणजे पहिल्यांदा बायकांच्या नजरेनं टिपलं, मग विज्ञानानं तपासलं. दुकानात मिळणारं रेटिनॉल हे त्याचंच सौम्य भावंड, त्वचेत गेल्यावर त्याचं हळूहळू ट्रेटिनॉइनच बनतं, म्हणून उशिरा आणि कमी काम करतं. दोन्हींनी सुरुवातीला त्वचा सोलते, लाल होते. फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात. आणि गरोदर असाल किंवा व्हायचं मनात असेल तर हात लावू नका. ट्रेटिनॉइन डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे, शेजारणीची ट्यूब उसनी आणायची नाही.

आता त्या २८ हजारांच्या कागदाकडे वळते, आणि डोकं पुन्हा तापायला लागलंय.

कोलॅजेनची क्रीम. कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो धडधाकट कातडीतून आत जाऊच शकत नाही. वर बसतो, ओलावा धरतो, तेवढं काम साध्या ग्लिसरीननंही होतं. व्हिटॅमिन सी चं सिरम चांगलं असतं, मी नाही म्हणत नाही, पण हवा-उजेडानं ते खराब होतं, तपकिरी झालं की फेकायचं. त्या बाईंनी दाखवलेली बाटली पारदर्शक काचेची होती आणि आतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं! गोरेपणाची सलाइन म्हणजे ग्लुटाथिओन नावाचं औषध. गोरेपणासाठी शिरेतून द्यायला त्याला आपल्याकडे मान्यता नाही. शिरेतून, अहो! चेहऱ्याच्या रंगासाठी एका बाईच्या शिरेत सुई घालायची आणि त्याला पॅकेज म्हणायचं.

आणि जिथे कायदाच नाही पोचत, तिथलं तर बोलायलाच नको. २०२३ मध्ये अकोल्याची बातमी आली होती, एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि त्या वापरत असलेल्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडला. त्याच वर्षी केरळात मलप्पुरमला तसेच रुग्ण निघाले. अशा क्रीममध्ये पारा चुकून आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, एवढीच आपल्या नियमात मुभा आहे. लेबल नसलेली, बनवणाऱ्याचा पत्ता नसलेली डबी पार्लरमधून आणता तेव्हा आत काय आहे हे तुम्हाला कोण सांगणार?

कुणी म्हणेल, ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी बोटॉक्स केलं, लेझर केलं तर तुझं काय जातं? काही नाही जात. शिकलेल्या हातांनी, नीट समजावून केलं तर करावं. माझा आक्षेप भीती घालण्याला आहे. मावशीच्या डॉक्टरांनी तिला एकदाही म्हातारी म्हटलं नाही. तिच्या त्वचेचं वय सांगितलं नाही. आरसा पुढे केला नाही. तिच्या कामाची वेळ विचारली, ती रस्त्यानं कशी जाते ते विचारलं, आणि त्यावरून औषध ठरवलं. तीच बाई डॉक्टर असूनसुद्धा स्वतःच्या दवाखान्यात क्रीम विकत नव्हती, चिठ्ठी घेऊन आम्ही बाहेरच्या मेडिकलमध्ये गेलो.

सगळेच डॉक्टर असे नसतात, हे मला माहीत आहे. तरी निदान डॉक्टर आहे का एवढं तरी बघा. पाटीवर त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही अशी पदवी आहे का? काही आठवड्यांचा कोर्स करून ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ म्हणवणाऱ्या जागोजागी आहेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका, रिक्षात बसताना भाडं विचारतो की नाही आपण! आणि बाटलीवर ‘डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड’ लिहिलंय म्हणून विश्वास टाकू नका, किती डॉक्टरांनी किती माणसांवर काय तपासलं हे त्यावरून काहीच कळत नाही.

मावशी आता सत्तरीला आली. चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत, भरपूर आहेत. वांग पूर्ण गेले नाहीत, जायचेही नाहीत. पण गालांची आग थांबली, शिरा बऱ्याच दबल्या, आणि ती अजून सकाळी देवपूजेआधी सनस्क्रीन लावते. मघाशी फोन केला तेव्हा वहिनीचा किस्सा सांगितला. मावशी चिडली. म्हणाली, ‘तिला म्हणावं, त्या पैशात पोरीला सायकल घे.’ वहिनी शेजारीच होती. शनिवारी मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन चाललेय, क्लिनिकमध्ये नाही, दवाखान्यात.

तुम्ही एक करा. आत्ता उठा आणि घरात चेहऱ्याला लावायच्या जेवढ्या ट्यूबा असतील तेवढ्या उलट्या करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन या स्टेरॉइडांपैकी एखादं नाव दिसलं आणि ती ट्यूब डॉक्टरांनी अलीकडे लिहून दिलेली नसेल, तर आईला, सासूबाईंना, कामाला येणाऱ्या ताईंना विचारा की हे कधीपासून लावताय. खूप दिवसांपासून असेल तर रागानं कचऱ्यात फेकू नका, एकदम थांबवलं की चेहरा भडकतो. ट्यूब तशीच पर्समध्ये टाका आणि त्यांना घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे जा. सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागातही हे बघतात, अगदी थोड्या खर्चात. सोबत जा, एकटीला पाठवू नका.