शंभर मीटरच्या आत

शेजारी थोर असावा, पण शंभर मीटरच्या पलीकडे असावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आमचा शेजारी म्हणजे बडोद्याचा तांबेकर वाडा. 1849 ते 1854 या काळात इथे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं हे घर. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या. लांबलांबून लोक बघायला येतात आणि जाताना आमच्या दारात पाणी मागतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण हा वाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, आणि 2010 साली दुरुस्त झालेला कायदा म्हणतो की स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद. त्यापुढच्या 200 मीटरांत जे करायचं ते परवानगी काढून. मोडलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

आमचं घर पहिल्या शंभरात आहे. सासरच्या घराण्यात पहिल्या शंभरात आलेलं दुसरं काही माझ्या ऐकिवात नाही.

डागडुजीला मात्र वाट आहे. घर 16 जून 1992 च्या आधीचं असेल तर अर्ज करता येतो. आमच्या माडीची कौलं गळायला लागली तेव्हा आम्ही तो केला. ज्या घरात माझ्या आजेसासऱ्यांची मुंज लागली, ते 1992 च्या आधीचं आहे हे कागदाने दाखवायचं होतं. माजघराची तुळई दाखवून भागत नाही. शेवटी सासूबाईंच्या ट्रंकेतून वेऱ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, जुन्या पावत्या निघाल्या, दोऱ्यात ओवलेल्या. वेरा भरल्याचा उपयोग झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आणि त्याच सुमारास नव्या आकारणीसाठी मापणीवाला आला.

गुजरातेत घरवेरा कार्पेट क्षेत्रफळावर बसतो. दर चौरस मीटरला एक मूळ दर, मग त्याला गुणायचं: जमिनीचा बाजारभाव काय, इमारतीचं वय किती, वापर कसला, राहतो मालक की भाडेकरू. कागदावर वाचताना फार न्यायाचं वाटतं. मापणीचा मुलगा बिचारा चांगला होता. हातात लेझरचं यंत्र. माजघराच्या एका टोकाला लांबी भरली 11 फूट 4 इंच, दुसऱ्या टोकाला 10 फूट 9. त्याने यंत्र पुसून पुन्हा धरलं. ‘‘दीवाल वांकी छे, बेन.’’ म्हटलं, ‘‘लग्न होऊन आले तेव्हापासून वाकडीच आहे.’’ त्याने मोठा आकडा लिहिला. भिंतीतल्या जिन्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला. जिना भिंतीत आहे, आणि भिंत कार्पेटमध्ये धरत नाहीत. मग जिना कशात धरायचा? त्याने वर फोन लावला. वरच्यांनाही ठाऊक नव्हतं.

ओसरीत आमचे शिंपीकाका बसतात. भाडं नाही, करार नाही, यांच्या शाळेच्या चड्ड्या शिवायच्या तेव्हापासून त्यांचं मशीन तिथे आहे. त्याने मशीन पाहिलं आणि लिहिलं, ‘बिन-रहेणांक’, म्हणजे राहण्याची नसलेली जागा. ओसरीचा दर एकदम चढला. शिंपीकाका काज करायचे थांबले. ‘‘वहिनी, माझ्यामुळे काही झालं का?’’

पण खरी मेख बाजारभावात आहे. वस्ती मध्यवर्ती, म्हणून जमिनीचा भाव वरचा. आता भाव ठरायला बाजार लागतो की नाही? आमच्याकडे बाजार एकदाच आला, एका बिल्डरच्या रूपाने. चौक पाहून डोळे चमकले, ‘‘सात माळ आरामथी’’ म्हणाला. मग ह्यांनी सहज शेजारच्या वाड्यावरची संरक्षित स्मारकाची निळी पाटी दाखवली. अर्धा कप चहा टाकून गेला तो गेलाच. म्हणजे जे सात मजले बांधले तर दोन वर्षं आत जावं लागेल, त्यांच्या जोरावर चढलेल्या भावाने आम्ही वेरा भरायचा.

पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणाला, तिथे 1972 पासून मिल्स ॲक्ट आहे. जुनं घर जपण्याचा निदान दहा वर्षांचा करार गावाशी करायचा, मग कर बाजारभावाने न लावता त्या बंधनांसकट घराचं भाडं किती येईल त्यावरून लावतात. त्याच्या गल्लीतलं असं ऐतिहासिक घर 1925 चं आहे म्हणे. आमच्याकडे त्या वयाची मोरी आहे, आणि तिला आम्ही नवी मोरी म्हणतो.

आकारणीवर वांधा अर्ज, म्हणजे हरकतीचा अर्ज, केला. सुनावणीला हे ऐनवेळी गुडघा धरून बसले, म्हणून मीच गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, भाव विस्ताराचा, म्हणजे सगळ्या वस्तीचा असतो, एकेका घराचा नसतो. आणि वर घर विकून टाकायचा सल्ला दिला, ‘‘एटलुं बधुं नडे छे तो वेची नाखो ने, बेन.’’

म्हटलं, ‘‘तुम्हीच घ्या. तुमच्याच आकारणीच्या भावाने देते.’’

ते हसले, खुर्चीत पुढे सरकले. ‘‘एक्झॅक्ट क्यां आव्युं?’’

सांगितलं. खुर्ची मागे गेली. ‘‘ना ना, ए तो तांबेकर वाडानी बाजुमां!’’

हे वाक्य निकालपत्रात लिहून द्या म्हटलं, ते काही त्यांनी दिलं नाही. जमिनीचा भाव होता तिथेच राहिला. ओसरी मात्र पुन्हा रहेणांकात घेतली, आणि त्या आनंदात शिंपीकाकांनी माझा ब्लाउज चक्क दिवाळीच्या आधी शिवून दिला.