प्रिन्सने न मागता दिलं म्हणे!

एकच फॉरवर्ड गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर आला. काळ्या अबायातली (अंगभर झग्यातली) बाई स्टिअरिंगवर, आणि खाली मजकूर असा: सौदीच्या प्रिन्सने एका सहीत बायकांना गाडी चालवायला दिली, कुणी मागितलंही नव्हतं, ना मोर्चा ना मेणबत्त्या. ज्या चार बाया आत गेल्या त्या परदेशी हेर होत्या, कोर्टात सिद्ध झालं. छळबिळ ही मीडियाची बोंब. आज तिथली बाई पूर्ण मोकळी आहे. आपल्याकडच्या आंदोलनवाल्यांनी शिकावं. पुढे तीन नमस्कार आणि एक गुलाब.

आता एकेक घेऊ.

'कुणी मागितलंही नव्हतं.' अहो, ६ नोव्हेंबर १९९०. सौदीत बायकांना गाडी चालवायला बंदी असताना रियाधमध्ये ४७ बायकांनी गाड्यांची रांग करून शहरात चक्कर मारली, पोलिसांनी अडवलं, पासपोर्ट काढून घेतले, नोकऱ्या गेल्या, नावानिशी शिव्या देणारी पत्रकं वाटली गेली. त्यातल्या एक मदीहा अल-अज्रूश फोटोग्राफर होत्या, त्यांच्या कित्येक वर्षांच्या निगेटिव्ह जाळून टाकल्या. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे. पुढे २०११ मध्ये मनाल अल-शरीफने खोबर शहरात गाडी चालवतानाचा व्हिडिओ टाकला आणि नऊ दिवस जेलमध्ये काढले. त्याच वर्षी जेद्दात शैमा जस्तानिया नावाच्या बाईला गाडी चालवली म्हणून दहा फटक्यांची शिक्षा झाली, ती राजाने मग रद्द केली. २०१४ च्या शेवटी लुजैन अल-हथलूल यूएईचं लायसन्स घेऊन बॉर्डरवर गाडी घेऊन आली, तिला पकडलं, आणि तिच्या मदतीला आलेली पत्रकार मैसा अल-अमूदी, तिलाही. दोघी ७३ दिवस आत, आणि केस पाठवली कुठे तर दहशतवादाच्या खटल्यांसाठी काढलेल्या कोर्टात! मागितलं नव्हतं म्हणता?

आमच्या खालच्या मजल्यावर एक चाचा राहतात, मूळचे खेडचे, जेद्दात चौदा वर्षं 'हाउस ड्रायव्हर'च्या व्हिसावर होते. त्यांची मॅडम शाळेत शिक्षिका. मागच्या सीटवरून नुसतं यमीन, यसार, म्हणजे उजवीकडे, डावीकडे, सांगत राहायची, कारण गल्ल्या तिला चाचांपेक्षा जास्त पाठ. पगाराचा मोठा हिस्सा चाचांवर जायचा, आणि चाचा दोन महिने खेडला आले की ती रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीची वाट बघत बसायची. फॉरवर्ड वाचून चाचा एवढंच म्हणाले, मॅडम रोज मागत होती, ऐकणारा मीच होतो, माझ्या काय हातात होतं.

बाकी सही प्रिन्सची, म्हणजे युवराज मोहम्मद बिन सलमानची, नव्हती, फर्मान त्याच्या वडिलांचं, राजा सलमानचं होतं, २६ सप्टेंबर २०१७. ते जाऊ दे. पण त्याच सुमारास या चळवळीतल्या बायकांना फोन गेले की मीडियाशी एक शब्द बोलायचा नाही, चांगलंसुद्धा नाही. म्हणजे आनंद झाला असं म्हणायचीही परवानगी नाही, कारण मग श्रेय कुणाचं हा प्रश्न आला असता ना.

आणि मग तारखा बघा. बंदी उठली २४ जून २०१८ ला. त्याच्या पाच आठवडे आधी, मे महिन्यात, धरपकड. लुजैन, ब्लॉग लिहिणारी इमान अल-नफजान, निवृत्त प्राध्यापिका अझीझा अल-यूसुफ. मदीहा अल-अज्रूशलाही उचललं, काही दिवसांनी सोडलं. तीच, १९९० वाली! सरकारच्या बाजूच्या मीडियात फोटो आले, चेहऱ्यांवर 'गद्दार' असा शिक्का मारून. खटला सोडा, आरोपपत्रसुद्धा नव्हतं तेव्हा. जूनमध्ये इतिहासाच्या अभ्यासक आणि पेपरात कॉलम लिहिणाऱ्या हतून अल-फासी, जुलैमध्ये समर बदवी आणि नसीमा अल-सादा या कार्यकर्त्या. फॉरवर्डमधल्या 'चार बाया' मोजायला कुठून सुरुवात केली देव जाणे.

'हेर होत्या, कोर्टात सिद्ध झालं.' हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरतो म्हणून जरा थांबते. खटला उभा राहिला मार्च २०१९ मध्ये, अटकेनंतर दहा महिन्यांनी, आणि परदेशी पत्रकारांना, डिप्लोमॅट्सना आत सोडलं नाही. आरोप काय होते तर परदेशी पत्रकारांशी बोललात, दूतावासाच्या लोकांशी बोललात, ॲम्नेस्टी आणि ह्युमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थांना माहिती दिलीत. लुजैनवर तर संयुक्त राष्ट्रांत नोकरीसाठी अर्ज केला हासुद्धा आरोप! आता नोकरीचा अर्ज ही हेरगिरी असेल तर आमच्या पोरांपैकी निम्मी पोरं आत जातील. डिसेंबर २०२० मध्ये तिला दहशतवादविरोधी कायद्याखाली ५ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा दिली, त्यातली २ वर्षं १० महिने स्थगित, आणि १० फेब्रुवारी २०२१ ला सोडलं. खरंच परदेशी गुप्तहेर असती तर शिक्षा सुनावल्यावर दीड महिन्यात घरी पाठवली असती का, विचार करा.

छळाचं. लुजैनच्या घरच्यांनी सांगितलेलं असं की सुरुवातीचे काही महिने विजेचे शॉक, फटके, पाण्यात बुडवल्यासारखा श्वास कोंडणं, लैंगिक त्रास, आणि तिथे प्रिन्सचा तेव्हाचा खास माणूस सऊद अल-कहतानी हजर असायचा. सरकारने सगळं नाकारलं, कोर्टानेही पुरावा नाही म्हणून तक्रार फेटाळली. बरोबर आहे, कोठडीत तुमचेच लोक, चौकशी तुमचीच, पुरावा तिने आणायचा कुठनं? पण मला एक गोष्ट सोडत नाही. घरचे सांगतात की ऑगस्ट २०१९ मध्ये तिच्यापुढे कागद ठेवला, कॅमेऱ्यापुढे सांग की छळ झाला नाही, सुटशील. तिने तो कागद फाडला. त्यानंतर दीड वर्ष आत राहिली. काही झालंच नसतं तर एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं तिचं?

'आज पूर्ण मोकळी.' बदललंय, हे खोटं नाही. ऑगस्ट २०१९ पासून २१ वर्षांवरच्या बाईला पासपोर्टला पुरुषाची सही लागत नाही, हे मोठंच आहे. पण ते तरी आपोआप आलं का? पुरुष-पालकत्व, म्हणजे बाईच्या निर्णयांना घरच्या पुरुषाची परवानगी लागणं, बंद करा म्हणून २०१६ मध्ये १४ हजारांवर सह्यांचा अर्ज घेऊन अझीझा अल-यूसुफ स्वतः शाही दरबारात गेल्या होत्या, तर पोस्टाने पाठवा म्हणून परत पाठवलं. आणि २०२२ च्या कौटुंबिक कायद्यात काय आहे? बाईचं लग्न लावायला अजून पुरुष पालकच लागतो, आणि योग्य कारणाशिवाय नवऱ्याच्या घरी राहायला नकार दिला तर तिचा खर्चपाण्याचा हक्क जाऊ शकतो. त्याच वर्षी, लीड्सला पीएचडी करणाऱ्या सलमा अल-शिहाब या दोन मुलांच्या आईला ट्वीट आणि रिट्वीटसाठी ३४ वर्षं सुनावली. आधी ६ होती, अपिलात वाढवली. सुट्टीत घरी आली होती बिचारी. पुढे शिक्षा कमी झाली, २०२५ मध्ये सुटली. तिने ट्वीटमधून ज्यांना पाठिंबा दिला होता त्यांत लुजैनचंही नाव होतं. आणि लुजैन स्वतः? तिच्यावर घातलेल्या प्रवासबंदीची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली, तरी तिला देशाबाहेर जाऊ दिलं नाही.

राहिलं 'शिकावं'. हे सगळं मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांचा रिप्लाय आला, एवढं लांब कोण वाचतं. मी म्हटलं मग निदान तो फोटो तरी काढा, कारण गाडी चालवायला मिळावी म्हणून ज्या भांडल्या त्यातली एकही त्या फोटोत नाही. काकांनी अंगठा दाखवला आणि संध्याकाळी तोच फॉरवर्ड परत टाकला, या वेळी गुलाब दोन.