पत्र्यावरचा पाऊस पुसू नका

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलाने मला एक फाइल पाठवली. सोबत मेसेज होता, "काका, तुमची ती जुनी कॅसेट एकदम क्लीन करून दिलीय, ऐका." दोन रात्री जागून त्याने हे केलं होतं, अगदी प्रेमाने. मी हेडफोन लावले आणि पाच मिनिटांत काढून ठेवले. गाणं होतं, गिटार होती, शब्द पूर्वीपेक्षा स्वच्छ कळत होते. पाऊस मात्र कुठेच नव्हता.

नीट सांगतो.

२००४ चा ऑगस्ट, पुणे. आमच्या कॉलेजच्या मागे पत्र्याची शेड होती, एरवी तिथे सायकली लावायचे. चार मुलांचा एक बँड होता. मराठीत स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी म्हणायचे. त्यांचं नाव इथे देत नाही, चौघंही आता आपापल्या संसारात आहेत आणि त्यांना ते आवडेल की नाही ठाऊक नाही. अल्बम त्यांनी कधी काढलाच नाही. त्या संध्याकाळी माझ्या मित्राने घरून सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणला, त्यात ९० मिनिटांची कोरी कॅसेट घातली आणि तो एका खुर्चीवर ठेवून दिला. त्या बँडचं आज जगात जे काही शिल्लक आहे ते एवढंच.

पाचव्या गाण्यात लाइट गेली. कॅसेटवर तो क्षण असा ऐकू येतो: बेसचा एक सूर मध्येच तुटतो, स्पीकरची घरघर थांबते, आणि ती थांबल्यावरच कळतं की इतका वेळ ती चालू होती. मग वरून पत्र्यावरचा पाऊस. मग अंधारात कोणीतरी ओरडतं, "पुढे या रे सगळे, पुढे या!" प्लास्टिकच्या खुर्च्या फरशीवरून ओढल्याचे आवाज येतात. साठ-सत्तर पोरं-पोरी पुढे सरकतात, आणि इथे रेकॉर्डिंगचा आवाजच बदलतो. आधी शेड रिकामी असल्यासारखी घुमत होती. माणसं दाटीने बसली तशी ती घुमायची थांबली, कारण माणसांची अंगं आणि कपडे आवाज पिऊन टाकतात. डोळे मिटून ऐकलं तर शेड भरताना ऐकू येते. ड्रमरने एक बादली उपडी घातली. गायकाने माइक बाजूला ठेवला आणि शेवटच्या एसटीवरचं त्यांचं गाणं नुसत्या गळ्यावर सुरू केलं. पावसापुढे आवाज पोचावा म्हणून त्याने ते नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत घेतलं होतं. त्याच्या गळ्यातला तो ताण केवळ पावसामुळे आहे.

आता पाऊस काढून टाका. काय उरतं? एक मुलगा विनाकारण ओरडून गातोय असं वाटतं.

या विषयावर माझं मत पक्कं होत गेलंय, ते आज मांडतो. आपल्याकडे गाणं ऐकण्याच्या दोन सवयी आहेत. एक ऑर्केस्ट्राची. सिनेमाचं गाणं आधी रेकॉर्ड होतं, ती रेकॉर्ड हेच मूळ, आणि स्टेजवरचा कलाकार त्या मुळाच्या किती जवळ गेला यावर आपण त्याला मार्क देतो. "हुबेहूब!" ही तिथली सर्वांत मोठी दाद. ही सवय वाईट आहे असं मी म्हणत नाही, गणपतीतले ऑर्केस्ट्रे ऐकतच मी मोठा झालो. दुसरी सवय बैठकीची. तिथे हुबेहूब हा शब्द दाद म्हणून कोणी उच्चारणार नाही. भीमसेनजींचा पूरिया धनाश्री ऐकलाय का, असं पुण्यातल्या जुन्या रसिकाला विचारा, तो उलट विचारेल, "कुठला?" कारण ते गाणं त्या त्या रात्री घडतं. संगीत नाटकात लोक 'वन्स मोअर' देत ते पहिल्यासारखंच ऐकायला नव्हे. त्याच पदात आणखी काय निघतंय, हे त्यांना ऐकायचं असे.

माझं म्हणणं असं की इंडी गाणं, म्हणजे बँडने स्वतः लिहून स्वतः चाल लावलेलं गाणं, हे बैठकीच्या बाजूचं आहे. गिटार आणि ड्रम बघून आपण त्याला ऑर्केस्ट्राच्या बाजूला बसवतो आणि तिथेच चुकतो.

इंडियन ओशनचंच घ्या. १९९० साली दिल्लीत सुरू झालेला बँड. पहिला अल्बम १९९३ साली एचएमव्हीने काढला. त्यानंतरचा 'डेझर्ट रेन' हा चक्क एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे: १ जानेवारी १९९७, दिल्ली, पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ 'सहमत' या संस्थेने केलेला कार्यक्रम. १९८९ साली त्याच तारखेला साहिबाबादजवळ पथनाट्य चालू असताना हाश्मींवर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. दिल्लीची जानेवारीतली थंडी, समोर त्या दिवसाची आठवण घेऊन जमलेली माणसं, आणि हे चौघं: सुस्मित सेनची गिटार, राहुल रामचा बेस, अमित किलमचे ड्रम, आणि तबला वाजवता वाजवता गाणारा असीम चक्रवर्ती. भारतात बँडने लाइव्ह अल्बम काढायची पद्धतच नव्हती त्या काळातली ही गोष्ट. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा काही कळलं नाही. गाणं कधी सुरू झालं आणि शब्द कधी येणार याची वाट बघत राहिलो. पुढे कितीतरी दिवसांनी, रात्री एसटीत खिडकीशी बसून ऐकताना लक्षात आलं की हे लोक एकमेकांची वाट बघत वाजवतायत. गिटार एक वाक्य बोलते, तबला ते ऐकून घेतो, मग उत्तर देतो. स्टुडिओत प्रत्येकाचा ट्रॅक वेगवेगळा घेतला तर ही वाट बघणं राहत नाही.

त्यांचं 'मा रेवा' हे माझं सर्वांत लाडकं गाणं. २००० च्या 'कंदिसा' अल्बममधलं. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता, तिथून हे नर्मदेचं गाणं बँडमध्ये आलं. आपल्या नंदुरबारच्या उत्तर टोकाला हीच नदी लागते, मणिबेली तिच्याच काठचं आणि सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेलं. त्यामुळे हे गाणं लागलं की मला ते दिल्लीच्या बँडचं वाटतच नाही. अल्बममधलं गाणं सुंदर आहे, पण ते म्हणजे वाटेतला एक मुक्काम. स्टेजवर ते लांबतं, मध्येच थांबतं, लोकांच्या हाती जातं, परत येतं.

आणि मग २५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेला. सिनेमाच्या हिशेबाने पाहिलं तर मूळ आवाजच गेला, आता उरल्या फक्त नकला. तसं झालं नाही. २०१० साली बँडने '१६/३३० खजूर रोड' या अल्बममधली गाणी दर महिन्याला एक अशी स्वतःच्या वेबसाइटवरून फुकट वाटली. करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते सराव करत, त्याचा हा पत्ता, आणि गाण्यांत असीमचा आवाज आहे. मग हिमांशू जोशी गायला आला, तुहिन चक्रवर्ती तबल्यावर, आणि २०१३ मध्ये सुस्मित बाहेर पडल्यावर निखिल राव गिटारवर. मी जुनं आणि नंतरचं, दोन्ही लाइव्ह पाठोपाठ ऐकतो. गळा वेगळा, गिटारची बोली वेगळी, गाणं तेच. गुरू गेला तरी बंदिश शिष्याच्या गळ्यात वेगळ्या अंगाने चालू राहते, तसं. हे मला केवळ लाइव्ह रेकॉर्डिंगमुळे ऐकायला मिळतं.

सवाई गंधर्व महोत्सवाला जाणाऱ्यांना ठाऊक असेल, सांगता होते ती सवाई गंधर्वांच्याच भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने. १९५२ साली गेलेला माणूस. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीची खरखर त्या आवाजाभोवती आहे, आणि माणसं शाल गुंडाळून ती खरखरसुद्धा गप्प बसून ऐकतात. मी एकदा शेजारच्या आजोबांकडे पाहिलं तर ते डोळे मिटून बोटांनी ताल धरत होते. कोणाच्याही मनात येत नाही की ही खरखर काढली असती तर बरं झालं असतं.

थोडं तांत्रिक बोलतो, कारण हल्ली नव्या बँडची मुलं मला विचारतात. छोट्या जागेत फक्त मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक आणि वाद्यं जोडलेली असतात त्या यंत्रातून, रेकॉर्डिंग घेऊ नका. तिथे ड्रम मुळातच मोठे ऐकू येतात, गिटारचा अँप स्टेजवरच दणदणत असतो, म्हणून साउंडवाला मिक्सरवर ते कमी ठेवतो आणि गळा वर ठेवतो. परिणामी मिक्सरच्या रेकॉर्डिंगमध्ये गायक कानात बसून गातोय आणि बाकीचे शेजारच्या गल्लीत वाजवतायत असं ऐकू येतं. लोकांमध्ये दोन माइक लावा, तो आवाज वेगळा घ्या आणि मग दोन्ही मिसळा. मिसळताना जुळवून घ्यावं लागतं, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. माइक ३४ मीटर मागे असेल तर त्याच्याकडे टाळी एक दशांश सेकंद उशिरा पोचते, आणि तेवढ्यानेही सगळं लडबडतं. मोबाइलवर घेणार असाल तर स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका. फोन आवाज आपोआप दाबतो, मग बेसचा प्रत्येक ठोका गाण्याला खाली ढकलतो.

आणि नंतर कृपा करून गळा स्टुडिओत पुन्हा गाऊन त्यावर चिकटवू नका. लाइव्ह म्हणून टाकलेल्या व्हिडिओंमध्ये हे सर्रास चालतं. ओठ आणि श्वास जुळत नाहीत. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण आपल्यापासून काहीतरी लपवलंय हे त्याला जाणवतं.

अमेरिकेत फुगाझी नावाचा बँड होता, स्वतःच्या छोट्या लेबलवर अल्बम काढणारा. १९८७ ते २००३ त्यांनी हजारावर कार्यक्रम केले, आणि त्यातल्या ८०० हून अधिक कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज त्यांच्या साउंडवाल्यांनी जपून ठेवली होती. २०११ पासून ती एकेक करून सगळ्यांसाठी खुली केली. सुचवलेली किंमत एका कार्यक्रमाला ५ डॉलर. त्यात बिघडलेल्या रात्री आहेत, भांडणं आहेत, गायक मध्येच थांबून धक्काबुक्की करणाऱ्याला समजावतोय तेही आहे. त्यांनी निवडून फक्त चांगलं ठेवलं नाही. हे माझ्या मनाला फार लागलं. आपल्याकडे किती गेलं! मुंबईत धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात, इंडिपेंडन्स रॉक या रॉक संगीताच्या महोत्सवात किती बँड वाजवून गेले असतील. मग परिसर शांतता क्षेत्रात म्हणून तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद पडले. त्या रात्रींच्या कॅसेट कोणाच्या तरी माळ्यावर नक्की आहेत. तुमच्या असतील तर प्लीज काढा. कॅसेटची फीत चिकटायला लागली की मग ती वाजवणं फार अवघड होतं.

आजची मुलं चांगलं काम करतायत हेही सांगायला हवं. मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँड तुकोबा-नामदेवांचे अभंग बेस-ड्रमवर घेतो. त्यांचं जे काही ऐकायचं ते लोकांसकट ऐका. अभंगाला मागून धरणारे लागतात, दिंडीत असतात तसे. पुण्याच्या अग्नी बँडचं 'साधो रे' मी घरात ऐकतो तेव्हा आवडतं, पण एकदा मोकळ्या मैदानात सगळ्यांबरोबर गायलो आणि त्यानंतर घरातलं मला अर्धं वाटतं.

परत त्या कॅसेटकडे येतो. त्या मुलाला मी फोन केला, आभार मानले, आणि मूळ फाइल काहीही न करता पुन्हा मागून घेतली. मग ती तशीच, घरघर, खुर्च्या, पाऊस यांसकट त्या बँडच्या गायकाला पाठवली. वीस वर्षांत त्याने ती ऐकली नव्हती.

त्या कॅसेटमध्ये एक खाच आहे. पहिली बाजू शेवटच्या एसटीच्या गाण्यातच संपली. मित्राने अंधारात चाचपडत कॅसेट उलटली, तेवढ्यात दुसरा अंतरा गेला. एक खट् आवाज, आणि गाणं थेट धृपदावर. त्या अंतऱ्याची चाल मला आठवते, शब्दांपैकी फक्त "कंडक्टर" एवढाच.

गायकाचं उत्तर दोन दिवसांनी आलं. मजकूर काहीच नाही, नुसता व्हॉइस मेसेज, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. त्याने तो अंतरा गाऊन पाठवला होता. आवाज जाड झालाय, पट्टी बरीच खाली आलीय. मागे कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत. मला आठवते ती चाल ही नव्हे, आणि त्यात कंडक्टरही नाही. शेवटी एक लहान मुलगी विचारते, "बाबा, हे कोणाचं गाणं आहे?" आणि तो "थांब" म्हणून पुन्हा धृपद धरतो.

ती फाइल मी कॅसेटच्या शेजारी ठेवलीय. कापून मध्ये जोडलेली नाही.