कंसातले काका, अजल सिंचन वगैरे

प्रत्येक घराण्यात एक माणूस असा नेमलेला असतो की ज्याला सातबारा वाचता येतो, अशी बाकीच्यांची समजूत असते. या पदाला पगार नाही, रजा नाही आणि राजीनामा दिला तर तो कुणी मंजूर करत नाही. आमच्याकडे ते पद माझ्याकडे आहे. रात्री दहाच्या सुमाराला फोनवर फोटो येतो. एका कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, दुसऱ्या कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल आणि खाली मजकूर: "मामा, जरा बघता का? काही अडचण नाही ना?"

अडचण असतेच. पण भाचा दाखवतो तिथे ती कधीच नसते. त्याने 'भूधारणा पद्धती', 'अधिकार अभिलेख पत्रक' अशा शब्दांखाली लाल रेघा मारलेल्या असतात. हे शब्द दिसायला पैलवान, वागायला गरीब. फसवतात ते घरातलेच वाटणारे शब्द: कूळ, आकार, जुडी, अज्ञान, कोरा, नवीन. यांचा अर्थ कुणी विचारत नाही, कारण तो सगळ्यांना आधीच माहीत असतो.

सातबारा या नावापासूनच घोळ आहे. ती तारीख नाही, अपूर्णांक नाही आणि सात भागिले बारा केल्याने जमिनीबद्दल काहीही कळत नाही. महसूल खात्याच्या गावपातळीवरच्या वह्यांना गाव नमुने म्हणतात, ते १ ते २१ आहेत. त्यातला नमुना ७ जमीन कुणाची ते सांगतो, नमुना १२ त्यात काय पिकतं ते सांगतो. दोन्ही एकाच कागदावर छापले, म्हणून सातबारा. नमुना ६ म्हणजे फेरफाराची, म्हणजे जमिनीवरच्या हक्कांत झालेल्या बदलांची, वही आणि ८अ म्हणजे एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र. आठ-अ मागितला की भाचा विचारतो, "आठ-ब कुठे मिळेल?"

कागदाच्या डोक्यावर गावाचं नाव असतं आणि त्याआधी 'मौजे'. यात मौज शोधू नये. मौजा म्हणजे महसुली गाव, एवढंच. गावापुढे 'बु.' किंवा 'खु.' असेल तर मात्र डोळे उघडे ठेवावेत. बुद्रुक म्हणजे फारसीतला बुज़ुर्ग, म्हणजे थोरलं गाव, आणि खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं, मध्ये बहुधा एखादा ओढा, आणि दोन्हीकडे गट नंबर, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांचे क्रमांक, १ पासून सुरू. तेव्हा खुर्दच्या गट ११२ ऐवजी बुद्रुकच्या गट ११२ चा सातबारा काढला, तर तो अगदी व्यवस्थित निघतो. फक्त दुसऱ्याचा असतो.

गट नंबर आणि सर्व्हे नंबर हे एकच, असंही समजू नये. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण योजना झाली, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असेल, तर दोन्ही आकडे जुळवायला एकत्रीकरणाचा उतारा लागतो. तो न काढता "आजोबांची जमीन कुणीतरी हडपली" असा निष्कर्ष काढून दोन चुलत घरांनी बोलणं बंद करणं, हा सोपा मार्ग आहे आणि लोक तोच घेतात.

आता क्षेत्र. इथे मात्र थांबायला हवं, कारण शिकलेली माणसं इथेच जास्त आपटतात. सातबाऱ्यावर हेक्टर-आर-चौरस मीटर, गावात एकर-गुंठे आणि पुण्याच्या बिल्डरकडे चौरस फूट. १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची होती, म्हणून हा विचित्र आकडा. आर आणि गुंठा एकच धरून चालायची गावात पद्धत आहे. फरक एका आरामागे साधारण साडेबारा चौरस फुटांचा, म्हणजे एका माणसाने अंग चोरून आडवं व्हावं एवढा. पण ४० आर म्हणजे एक एकर धरून व्यवहार केला, तर पाचशेहून जास्त चौरस फूट कमी मिळतात. ही अर्ध्या गुंठ्याच्या आसपासची जागा झाली आणि बांधावरची डोकी तर वीतभर जागेवरून फुटतात.

दशांश चिन्हाचा आणखी एक खेळ आहे. ०.४० म्हणजे ४० आर, ०.०४ म्हणजे ४ आर. फोटोत नेमकं मधलं शून्य अंगठ्याखाली असतं. आणि गावाकडचा माणूस "एक एकर वीस" म्हणतो तेव्हा त्याला १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर म्हणायचं असतं. भाचा कॅल्क्युलेटरवर १.२० टाकतो आणि १२ गुंठे हवेत विरतात. सातबाऱ्यावर १.२०.०० दिसलं की असं करावं: १२० आर, म्हणजे १२,००० चौरस मीटर, भागिले १०१.१७. उत्तर सुमारे ११८.६ गुंठे, म्हणजे २ एकर साडेअडतीस गुंठे. हे मी दरवेळी लिहून पाठवतो. दरवेळी उत्तर येतं, "म्हणजे तीन एकर ना?"

क्षेत्राखाली पोटखराबा. या शब्दावर हसून झालं की पुढे जाऊ. पोट म्हणजे आतला भाग. पोटहिस्सा, पोटभाडेकरू यांत आहे तसा. गटाच्या आतलं जे क्षेत्र लागवडीला बाद, तो पोटखराबा. वर्ग 'अ' म्हणजे खडक, मुरूम, चर असली नापीक जागा. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, नाला, पाणवठा असल्या सार्वजनिक कामाला राखलेली. 'अ' मध्ये घाम गाळून पीक काढता येतं, 'ब' मध्ये मात्र नुसत्या घामाने भागत नाही, वाद येतो. विकणारा एकूण क्षेत्र सांगतो, घेणाऱ्याने आतला खराबा वजा करून ऐकावं.

शेजारी 'आकार'. भाच्याचा प्रश्न ठरलेला: "आकार ३.०० म्हणजे नेमका कसा? त्रिकोणी?" जमिनीचा आकार पाहायचा तर गटबुकाचा नकाशा काढावा. इथला आकार म्हणजे आकारणी, शेतसारा, तोही रुपयांत. आणि 'जुडी' दिसली तर मेथी आठवू नये. इनाम जमिनीवर पूर्ण साऱ्याऐवजी जी कमी रक्कम घेत, ती जुडी. आकार इतका किरकोळ की त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण एके ठिकाणी तो कामाला येतो. त्यासाठी आधी 'कूळ' समजून घ्यावं लागतं.

लग्न जमवताना आपण कूळ कौतुकाने विचारतो. जमीन घेताना कूळ निघालं की घेणारा चप्पल शोधायला लागतो. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. १९४८ च्या कूळ कायद्याने त्याला संरक्षण दिलं आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कसणारी बहुतेक कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. किंमत ठरवली कलम ३२ग खाली, ती भरल्याचं प्रमाणपत्र ३२म खाली. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा असतो, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला १० वर्षं उलटलेली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरून ती वाट मोकळी होते, अर्थात घेणारा शेतकरी असणं वगैरे अटी आहेतच. आकार ३ रुपये असेल तर नजराणा १२० रुपये. या शेऱ्याला घाबरून व्यवहार सोडणारे लोक त्याहून जास्त रुपये त्या दिवशीच्या नाश्त्यावर घालवतात.

भोगवटादार म्हणजे जमीन धारण करणारा. त्याचे वर्ग १ आणि वर्ग २ ही रेल्वेची तिकिटं नव्हेत, पण भाव मात्र तसाच आहे. वर्ग १ ला विकण्याचं स्वातंत्र्य, वर्ग २ ला आधी सरकारची परवानगी. मराठीने 'भोग' हा शब्द सुखालाही ठेवला आणि दुःखालाही, तो बहुतेक या रकान्यासाठीच. वर्ग २ मध्ये बहुधा 'नवीन अविभाज्य शर्त' असते, म्हणजे परवानगीशिवाय विकायचं नाही आणि वाटायचंही नाही. गावकामगारांची कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्याने गेली आणि त्या जमिनी या शर्तीवर परत मिळाल्या. ती शर्त आता पासष्ट वर्षांच्या पुढे गेली, तरी 'नवीन'च. "नवीन म्हणजे अजून लागू झाली नसेल," असं म्हणणारे भेटतात.

नावांच्या रकान्यात तर खरी माणसं राहतात. 'ए.कु.मॅ.' ही पदवी नव्हे. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव, पुढे ही तीन अक्षरं. याचा अर्थ बाकीचे भाऊ कागदावर दिसत नसले तरी आहेत. घेणाऱ्याने ही अक्षरं न वाचता थोरल्याकडून खरेदी केली, की ते न दिसणारे भाऊ लवकरच दिसतात, वकिलासह. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. महसुली भाषेत १८ वर्षांखालचा तो अज्ञान, मग तो दहावीत पहिला आलेला का असेना. आईचं नाव अ.पा.क. म्हणून लागतं, मुलगा मोठा होतो, त्याला नातवंडं होतात, तरी कागदावर तो अज्ञानच, कारण ते आपोआप पुसलं जात नाही. वयाचा पुरावा जोडून अर्ज द्यावा लागतो. घरातली काही मंडळी म्हणतात की त्याच्या बाबतीत नोंद बरोबर आहे, ती बदलू नये.

हिस्से कधी आण्यांत असतात. पूर्ण म्हणजे १६ आणे. तीन भावांत वाटणी असेल तर ०-५-४ असं दिसतं. हा फोन नंबरचा तुकडा नाही. १२ पै म्हणजे आणा, १६ आणे म्हणजे १९२ पै, त्याचा तिसरा हिस्सा ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. जुन्या माणसांनी तिघांना वाटताना उरलेल्या पैशावरून भांडण होऊ नये असं चलनच ठेवलं होतं. दशांशाने तिघांना ०.३३ दिलं की ०.०१ उरतो आणि त्यावर दिवाणी दावा उभा राहू शकतो.

आता कंस. शाळेत कंसातलं आधी सोडवायचं असं शिकवलं. सातबाऱ्यावर कंसातलं सोडून द्यायचं. जुन्या उताऱ्यावर नावाला कंस म्हणजे ते नाव कमी झालं. माणूस वारला, विकून गेला किंवा हक्क सोडला. शेजारी आकडा असतो, तोही कंसात किंवा गोलात, पण तो गेलेला नसतो. तो फेरफार क्रमांक, म्हणजे नाव का आलं-गेलं याचा पत्ता. नावाला कंस असेल तर माणूस गेला, आकड्याला कंस असेल तर कारण आहे. हे नियमासारखं पाठ करून दिलं तरी भाचा हटकून सांगतो, "काकांचं नाव आहे, मुद्दाम कंसात ठळक केलंय." २०२० नंतरच्या नव्या नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेघ येते, आणि प्रलंबित फेरफार असेल तर तसा उल्लेखही. रेघ तरी बरी, तिला कुणी सन्मान समजत नाही.

फेरफाराचंही असंच. खरेदीखत नोंदलं, पेढे वाटले, संपलं असं लोक धरतात. खरं तर तिथून तलाठ्याचं काम सुरू होतं. (कागदावर तो आता ग्राम महसूल अधिकारी आहे, गावात भाऊसाहेब होता आणि आहे.) तो नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस. हरकत आली नाही तर सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद प्रमाणित करतो आणि मग नाव सातबाऱ्यावर चढतं. हरकत आली की ती विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि पेढे कडू लागायला लागतात. संगणकीकरणात आडनाव चुकलं असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज, सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि मूळ फेरफार. नुसतं आधार कार्ड दाखवून भागत नाही.

'इतर हक्क' हा रकाना वाचल्याशिवाय इसार देऊ नये. बोजा म्हणजे कर्ज. सोसायटीचं, बँकेचं, कधी पन्नास वर्षांपूर्वीची तगाई, फेडलेली पण कमी न केलेली. हा रकाना बोजाविना असेल तर सातबारा 'कोरा'. शब्द ऐकून भाच्याला पांढरा कागद दिसतो. तसा सातबारा खरोखर निघाला तर मात्र फोन मला करू नये, वकिलाला करावा.

खालचा नमुना १२ हा आमच्या भाषेचा कळस. दुसरं पीक न मिसळता एकटंच घेतलेलं पीक ते 'निर्भेळ', जणू बाकीचे तुपात डालडा घालतात. पाण्यावरचं क्षेत्र 'जल सिंचित' आणि पावसावरचं 'अजल सिंचित', म्हणजे पाण्याविना शिंपलेलं. मराठवाड्यातला शेतकरी हे पिढ्यानपिढ्या करतोय, फक्त त्याला त्याचं नाव माहीत नव्हतं. हा रकाना आता ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर भरायचा, शेतात उभं राहून फोटो काढायचा. चुकून 'पड' निवडलं की उभ्या सोयाबीनला कागद पडीक म्हणतो आणि नुकसानभरपाईच्या वेळी आठवण होते.

इतकं सांगून मी दमतो आणि शेवटचं सुचवतो: डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत काढ, त्यावरचे सगळे फेरफार क्रमांक एका कागदावर लिही आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून एकेक नक्कल काढत मागे जा. भाचा खरंच जातो. आठवड्याने फोटो येतो, अंगठ्यासकट. पिवळा कागद, वर एक आडवी रेघ आणि तिला लोंबकळणारी, एकमेकांत गुंतलेली अक्षरं.

"मामा, सगळ्यात जुना फेरफार मोडीत निघाला."

"अरे वा, मिळाला का!"

"नाही हो, मोडीत निघाला म्हणतोय. म्हणजे आता तो रद्दच ना?"